गॅरेजात कॅनार्ड विमान बांधताना: फोम कापण्यापासून पहिल्या चाळीस तासांपर्यंत

माझं घरी बांधलेलं चार सीटचं विमान, कोझी मार्क ४, उडायला लागल्यापासून दर एक-दोन महिन्यांनी कुणीतरी मराठी माणूस विचारतोच, की आम्हालापण बांधायचंय, सुरुवात कुठून करू, आणि त्यातले बरेच जण पहिल्याच फोनवर विचारतात की मोठं इंजिन बसेल का, केबिन थोडी रुंद करता येईल का. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मी अमेरिकेत ओहायोत राहतो, दोन गाड्यांच्या गॅरेजात बांधलं, सात वर्षं लागली, पोरगी पहिलीत होती तेव्हा सुरू केलं आणि ती आठवीत गेली तेव्हा उडालं. माझं मुख्य म्हणणं आत्ताच सांगतो कारण ते पुढे सारखं येणार आहे: पहिलं विमान प्लॅन्समध्ये, म्हणजे डिझाईन करणाऱ्याच्या आराखड्यांत, लिहिलंय तस्सं बांधा, सुधारणा ते उडाल्यावर करा.

आधी थोडं समजून घ्या की कॅनार्ड असतं काय

फ्रेंचमध्ये कॅनार्ड म्हणजे बदक. छोटा पंख पुढे नाकाजवळ (त्यालाच कॅनार्ड म्हणतात, आणि अशा विमानालापण), मोठा पंख मागे, इंजिन आणि त्याचा पंखा म्हणजे प्रोपेलर सगळ्यात मागे, शेपटी नाही. राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानातपण नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर पुढेच होता, म्हणजे कल्पना जुनीच आहे, पण घरी बांधणाऱ्यांपर्यंत ती आणली बर्ट रुटान यांनी, कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या वाळवंटात बसून. १९७५ मध्ये त्यांचं व्हॅरीइझी उडालं, १९७९ मध्ये लाँग-ईझी आलं, आणि १९८६ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्याच व्हॉयेजर विमानातून त्यांचे भाऊ डिक रुटान आणि जीना येगर यांनी कुठेही न थांबता, हवेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेपण कॅनार्डच.

या रचनेचा मोठा फायदा असा की विमान फार हळू झालं तर पुढचा छोटा पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचलायची ताकद जाते, नाक आपोआप खाली येतं, वेग परत मिळतो, आणि मागचा मोठा पंख स्टॉलपर्यंत पोचतच नाही. हे वाचून लोक खूश होतात, पण ह्यात दोन अटी आहेत. पुढच्या पंखाचा आकार, लांबी आणि बसवलेला कोन प्लॅनप्रमाणे हवा, आणि वजनाचा मध्य म्हणजे सीजी ठरलेल्या मर्यादेत हवा. सीजी जास्त मागे गेला तर पुढचा पंख नाक इतकं वर नेऊ शकतो की मोठा पंखच स्टॉल होतो, आणि मग विमान आडवंच खाली खाली येत राहतं, स्टिक पुढे ढकलून काही उपयोग होत नाही. कोझी मार्क ४ मध्ये सीजी डेटमपासून, म्हणजे मोजायच्या ठरलेल्या शून्य रेषेपासून, ९७.५ ते १०२ इंच या पट्ट्यातच लागतो, म्हणजे सगळी मिळून साडेचार इंच जागा. तुम्ही बांधताना घेतलेला जवळजवळ प्रत्येक निर्णय शेवटी ह्या साडेचार इंचांवर येऊन पडतो, तेव्हा हा आकडा गॅरेजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, मी ठेवला होता.

कुठलं डिझाईन घ्यायचं

लाँग-ईझी दोन सीटचं, एकामागे एक बसायचं, हलकं आणि काटकसरी, मूळ इंजिन ११५ हॉर्सपॉवरचं लायकोमिंग. पण रुटान यांच्या कंपनीने १९८५ मध्येच प्लॅन्स विकणं बंद केलं, त्यामुळे आता जुने प्लॅन्स किंवा अर्धवट राहिलेली विमानं शोधावी लागतात. अर्धवट विमान स्वस्तात मिळतं खरं, पण आधीच्या माणसाने आत काय केलंय ते काचतंतूंच्या कापडाच्या (आम्ही त्याला नुसतं काच म्हणतो) थराखाली दिसत नाही, म्हणून अनुभवी बांधणाऱ्याला सोबत नेल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोझी हे नॅट पफर यांनी लाँग-ईझीवरून, रुटान यांच्या परवानगीने काढलेलं, शेजारी-शेजारी बसायचं. मार्क ४ चार सीटचं, १८० हॉर्सपॉवरच्या लायकोमिंग ओ-३६० साठी, पूर्ण भरलेलं वजन २०५० पौंड म्हणजे साधारण ९३० किलो. हे किट नाही बरं का, प्लॅन्स घेऊन फोम, कापड, इपॉक्सी (हार्डनर मिसळला की घट्ट होणारा चिकट द्रव) विकत आणून सगळं स्वतः घडवायचं. ज्यांना तयार साचे हवेत त्यांच्यासाठी फ्लोरिडातल्या व्हेलॉसिटीचं किट आहे, पैसे बरेच जास्त, वेळ कमी. नोकरी-घर सांभाळून बांधायचं असेल आणि एकदम मोठी रक्कम काढायची नसेल तर प्लॅन्सवालं बरं, कारण प्लॅन्समधल्या एकेका चॅप्टरचं सामान आणता येतं, खर्च वर्षानुवर्षांवर पसरतो. इंजिन सगळ्यात शेवटी घ्यायचं, आधी घेऊन ठेवलं तर पडून पडून आतून गंजतं. तास धराल तर अडीच हजार तरी, माझे त्याहून बरेच जास्त लागले.

भारतात बांधू का हे पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. आपल्याकडे ह्या विमानांची ओळख अगदीच नाही असं नाही, बेंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात लाँग-ईझीवर आधारलेलं एलसीआरए हे संशोधनाचं विमान बांधून उडवलं होतं, कंपोझिटचं काम शिकायला म्हणून. आणि कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव सगळ्यांना माहीत आहेत, त्यांचं विमान कॅनार्ड नाही, नेहमीच्या शेपटीचं आहे, पण २०१६ मध्ये ते बीकेसीत लोकांसमोर आलं आणि रजिस्ट्रेशन हातात पडायला २०१७ उजाडलं, त्याच्या आधीची वर्षानुवर्षांची धडपड वेगळीच. तेव्हा भारतात करणार असाल तर फोम आणायच्या आधी डीजीसीएशी, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याशी, पत्रव्यवहार सुरू करा. पुढचं सगळं मी अमेरिकेतल्या पद्धतीप्रमाणे सांगतोय.

सामान घ्यायच्या आधी कुणाच्यातरी विमानात बसा

हे खूप जण टाळतात. ईएए ही हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना, तिच्या जवळच्या शाखेत जा, तिथे टेक्निकल काउन्सेलर असतात, ते गॅरेजमध्ये येऊन तुमचं काम बघतात, पैसे घेत नाहीत. कॅनार्डवाल्यांचे मेळावे होतात, केंटकीतल्या रफ रिव्हरला होतो, ऑशकॉशला तर जुलैत अख्खी रांग उभी असते. तिथे बसून बघा. माझी उंची पाच फूट आठ, मला व्यवस्थित झालं, पण माझ्या एका सहा फूट तीनवाल्या मित्राचं डोकं कॅनपीला, म्हणजे वरच्या पारदर्शक झाकणाला, लागत होतं, त्याला हे पाच वर्षांनी कळण्यापेक्षा त्या दिवशी कळलं ते बरं झालं. जमिनीवर ही विमानं नाक टेकवून उभी केलेली असतात ती मोडलीत म्हणून नाही, पुढे माणूस नसला की वजन मागे जातं आणि नाकाचं चाक खाली ठेवलं तर विमान मागे पंख्यावर बसेल, म्हणून नाकाचं चाक आत घेऊन गुडघे टेकल्यासारखं ठेवतात.

जागा आणि टेबल

दोन गाड्यांचं गॅरेज पुरतं, एका गाडीच्या गॅरेजातपण लोकांनी बांधलंय कारण पंख आणि कॅनार्ड वेगवेगळे बनतात आणि शेवटी विमानतळावर जोडायचे असतात. टेबल मात्र लांब आणि एकदम सपाट पाहिजे, निदान बारा फूट, पायांनी घट्ट, लेव्हलमध्ये. टेबल वाकडं असेल तर पंख वाकडा होणार, आणि एकदा काच बसली की तो वाकडेपणा कायमचा.

दुसरं म्हणजे तापमान. इपॉक्सीला साधारण २५ अंश सेल्सियस आवडतं. ओहायोच्या जानेवारीत गॅरेज शून्याखाली असतं, इपॉक्सी काकवीसारखी घट्ट होते, कापडात शिरत नाही, तुम्ही जास्त ओतता आणि वजन वाढतं. मी पहिल्या हिवाळ्यात दोन बल्कहेड (बॉडीतले आडवे पडदे) असे जड करून फेकून दिले. मग दरवाजाला इन्सुलेशन लावलं, छोटा हीटर, आणि इपॉक्सीच्या बाटल्यांसाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात एक बल्ब लावून गरम कपाट केलं. ज्योत दिसणारा हीटर ठेवू नका, तिथे सॉल्व्हंटच्या वाफा असतात.

इपॉक्सी आणि तुमची कातडी

ग्लोव्ह्जशिवाय हात लावायचा नाही, एकदापण नाही. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू जमा होते आणि एक दिवस अचानक पुरळ उठतं, त्यानंतर आयुष्यभर जवळ गेलं तरी त्रास होतो. असं होऊन अर्धं विमान विकावं लागलेला माणूस मी बघितलाय. ग्लोव्ह्ज, लांब बाह्या, पंखा लावून हवा बाहेर, आणि सँडिंग करताना चांगला मास्क, नाकाला रुमाल बांधून चालत नाही. काचेच्या धुळीची खाज उठते त्यावर माझा उपाय, गार पाण्याने आंघोळ आधी, गरम पाण्याने नंतर.

मिक्स करताना डिजिटल काट्यावर वजनाने मोजा, आपल्या इपॉक्सीच्या डब्यावर जे प्रमाण असेल तेच. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळेल असं पॉलिएस्टर रेझिनमध्ये होतं, इपॉक्सीत नाही होत, प्रमाण चुकलं की ती कायम मऊ राहते. आणि एका वेळी कपात थोडीच घ्या, जास्त घेतली तर कपातल्या कपात तापून धूर येतो.

त्याच इपॉक्सीत वेगवेगळ्या गोष्टी मिसळून तीन-चार पदार्थ होतात आणि नवीन माणूस इथे गोंधळतो. मायक्रो म्हणजे काचेचे पोकळ बारीक गोळे, पिठासारखे. समप्रमाणात घातले तर सायीच्या दुधासारखी स्लरी होते, ती काच घालायच्या आधी फोमवर फिरवतात म्हणजे फोमची भोकं भरतात आणि फोम इपॉक्सी पीत बसत नाही. त्याहून जास्त घातले की मधासारखं वेट मायक्रो, फोमचे तुकडे एकमेकांना चिकटवायला. अजून घातले की चक्क्यासारखं घट्ट, चमचा उलटा केला तरी पडत नाही, ते ड्राय मायक्रो, खड्डे भरायला. फ्लॉक्स वेगळं, त्यात कापसाचे बारीक तंतू असतात, ते ताकदीच्या जोडासाठी, जिथे काचेला काच चिकटते तिथे. काचेच्या दोन थरांमध्ये मायक्रो कधीच जाऊ द्यायचं नाही, तिथे ताकद राहत नाही.

सरावाचे तुकडे

कोझीच्या प्लॅन्समध्ये तिसरा चॅप्टर फक्त शिकण्याचा आहे. सपाट तुकडा करा, कडा कापा, वजन करा, प्लॅनमध्ये दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. जड निघाला तर परत करा. एक फोमची पट्टी दोन्ही बाजूंनी काच लावून करायची असते, ती दोन ठोकळ्यांवर ठेवून वर उभं राहायचं. नुसता फोम हाताने मोडतो, आणि तोच फोम दोन पातळ कापडांच्या मध्ये आला की माणूस पेलतो. माझी आई तेव्हा पुण्याहून आली होती, तिने त्या पट्टीवर उभं राहून बघितलं आणि मगच तिला पटलं की ह्यात बसून मी वर जाणार आहे.

हे तुकडे सोडून एकदम बल्कहेडला हात घालू नका. मी चार वेळा केले, लाज वाटून घेऊ नका.

गरम तारेने फोम कापणं

पंख आणि कॅनार्डसाठी निळा स्टायरोफोम असतो, तो गरम तारेने लोण्यासारखा कापला जातो. ठोकळ्याच्या दोन टोकांना पंखाच्या आकाराचे टेम्प्लेट खिळ्यांनी लावायचे, त्यावर आकडे लिहिलेले, स्टेनलेसची तार ताणलेलं धनुष्य घ्यायचं, दोन माणसं दोन टोकांना. पंख एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद असतो म्हणून दोघांचा वेग वेगळा असतो, पण आकडा एकाच वेळी गाठायचा असतो, त्यासाठी एक जण मोठ्याने आकडे बोलत जातो. आमच्याकडे आई खुर्चीत बसून माझं टोक बघत "बारा... बाराला आलास... साडेबारा..." म्हणत होती आणि बायको दुसऱ्या टोकाला तेच आकडे गाठत होती, एकदापण थांबलो नाही आणि दोन्ही पंखांचे सगळे गाभे दोन शनिवारात झाले. थांबलात तर तार तिथेच फोम खाते आणि खोबण पडते. तार फार गरम असेल तरी तसंच, फार गार असेल तर मध्ये मागे राहून पोट पडतं, आधी भंगार तुकड्यावर वेग बसवून घ्या.

युरेथेन फोम मात्र गरम तारेने कधीही कापायचा नाही, विषारी वायू निघतो. तो चाकूने आणि सँडपेपरने घडवायचा, नाक आणि गोलाईच्या जागांना तोच लागतो. आणि पेट्रोलचा थेंब पडला तर निळा फोम विरघळतो, म्हणून टाकीच्या जवळपास तो वापरत नाहीत, तिथे पीव्हीसी फोम येतो.

लेअप, म्हणजे काच घालणं

कापड दोन प्रकारचं. युनीमध्ये जवळजवळ सगळे धागे एका दिशेला, बिडमध्ये दोन्ही दिशांना सारखे. प्लॅनमध्ये दिशा दिलेली असते, त्या दिशेलाच कापड टाकायचं, कारण ताकद धाग्याच्या लांबीत असते. पंखाच्या आतल्या मुख्य तुळईच्या, म्हणजे स्पारच्या, कॅपमध्ये तर धागे अगदी सरळ हवेत, एक सुरकुती राहिली तर दाब आला की तिथूनच दुमडायला सुरुवात होते. सुरकुती दिसली की ओलं असतानाच टोक धरून ओढा, उद्या बघू म्हणू नका.

सगळं कापड आधीच कापून, नंबर टाकून, गुंडाळून ठेवा. मग स्लरी, मग पहिला थर, इपॉक्सी ओता, स्क्वीजीने, म्हणजे सपाट लवचिक पट्टीने, मधून कडेकडे न्या. कापड पांढरं दिसलं तर कोरडं आहे, पारदर्शक झालं की भिजलं, आणि पृष्ठभाग चमकून डबकं दिसलं तर जास्त झालं, स्क्वीजीने काढून टाका. नवीन माणसाने कार्बनच्या मागे लागू नये असं मी म्हणतो ते ह्याचसाठी, काचेत हवेचा बुडबुडा डोळ्यांना दिसतो, काळ्या कार्बनमध्ये काहीच दिसत नाही. शेवटी जिथे पुढे काही चिकटवायचं आहे तिथे पील प्लाय या सोलून निघणाऱ्या कापडाची पट्टी घाला, वाळल्यावर ती ओढून काढली की खडबडीत स्वच्छ पृष्ठभाग मिळतो आणि सँडिंगचे तासन् तास वाचतात.

मोठा लेअप एकट्याने करू नका. पंखाची एक बाजू म्हणजे सकाळी आठ ते रात्र, मध्ये थांबता येत नाही. आमच्या मंडळातली चार मंडळी यायची, दोन जण इपॉक्सी मिसळायला, दोन माझ्याबरोबर कापडावर, दुपारी सगळ्यांना पोहे आणि चहा, पण ग्लोव्ह्ज काढून, हात धुऊन. काही तासांनी इपॉक्सी चामड्यासारखी होते तेव्हा धारदार ब्लेडने कडा कापून घ्या, लोण्यासारख्या कापल्या जातात, ती वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी करवत आणि धूळ.

वाळल्यावर नाण्याने टक टक वाजवत अख्खा भाग तपासायचा. भरीव आवाज बदलून पोकळ थड आवाज आला की आत हवा आहे. छोटी जागा असेल तर प्लॅनमध्ये दुरुस्तीची रीत दिलेली आहे, स्पारवर असेल तर टेक्निकल काउन्सेलरला बोलवा आणि तो म्हणाला टाकून दे तर टाकून द्या.

कॅनार्ड, सगळ्यात नाजूक काम

बॉडी, लँडिंग गिअर, सेंटर स्पार, पंख, त्यांच्या टोकांचे उभे विंगलेट हा क्रम प्लॅन्समध्ये नीट दिलाय, त्यावर वेगळं काही सांगत नाही. कॅनार्डवर मात्र सांगतो. जुन्या व्हॅरीइझी आणि सुरुवातीच्या लाँग-ईझीवर जीयू नावाचा एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, होता, तो कोरड्या हवेत मस्त, पण पावसात थेंबांनी हवेचा थर बिघडायचा आणि नाक खाली जायला लागायचं, पायलटला स्टिक मागे ओढून धरावी लागायची. मग जॉन रॉन्झ यांनी नवीन एअरफॉइल काढला, कोझी मार्क ४ वर तोच आहे. म्हणजे बघा, नुसता पृष्ठभाग ओला झाला तर एवढा फरक, मग तुम्ही सँडिंग करताना टोकाची गोलाई बदलली तर काय होईल. टेम्प्लेट सतत लावून बघा. बसवायचा कोन डिजिटल लेव्हलने दोन वेगवेगळ्या दिवशी मोजा, आणि दुसऱ्या कुणालातरी मोजायला लावा.

एलिव्हेटर आणि एलेरॉन (पंखावरचे, विमान कलवणारे भाग) बिजागरीवर लटकवल्यावर प्लॅनमध्ये सांगितलेल्या कोनात राहिले पाहिजेत, त्यासाठी पुढच्या कडेत वजन असतं. रंगाचं वजन मागच्या कडेला जास्त बसतं, म्हणून रंग दिल्यावर परत तपासा. हे सुटलं तर वेगात फ्लटर, म्हणजे तो भाग आपोआप जोरात फडफडणं, होऊ शकतो, आणि फ्लटर काही सेकंदात भाग उपटून नेतो.

पेट्रोल आणि एक अपघात

टाक्या पंखांच्या मुळाशी, स्ट्रेकमध्ये असतात. बंद करायच्या आधी आतून इपॉक्सीचा थर नीट फिरवा, एक धागा कोरडा राहिला तरी पेट्रोल शोधून बाहेर येतं. गळती तपासताना कॉम्प्रेसर लावू नका, टाकी फुटेल, पारदर्शक नळीत पाणी भरून यू आकाराचा मॅनोमीटर करा, तोंडाने थोडी फुंकर मारा आणि पाण्याची पातळी उतरते का बघा. हवेचा दाब आणि तापमान बदललं तरी पातळी हलते, म्हणून दोन-तीनदा करा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मी इपॉक्सीच्या टाकीत घालत नाही.

फ्युएल सिलेक्टर, म्हणजे डावी टाकी की उजवी हे बदलायचा व्हॉल्व्ह, प्लॅनमध्ये जिथे दाखवलाय तिथेच, हाताला सहज येईल असा ठेवा. १२ ऑक्टोबर १९९७ ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ लाँग-ईझीतून समुद्रात पडून गेले. त्या विमानात हा व्हॉल्व्ह प्लॅनमधल्या जागेऐवजी पायलटच्या डाव्या खांद्यामागे लावलेला होता, त्याच्यावर खुणा नव्हत्या, आणि तो फिरवायला मागे वळताना विमान उजवीकडे वळवणारा पायाचा रडर पॅडल दाबला गेला असा निष्कर्ष तपासात निघाला. विमान त्यांनी नुकतंच विकत घेतलं होतं. बांधणाऱ्याला सोयीचं वाटलं म्हणून हलवलेली एक मूठ, आणि त्याची किंमत वर्षांनंतर कुणा दुसऱ्याने दिली. कुणी मला "एवढा छोटा बदल चालेल ना" विचारलं की मला हीच मूठ आठवते.

इंजिन मागे आहे हे विसरू नका

पंखा मागे असल्यामुळे कॉकपिटमधून उडालेला कागद, सैल झालेला नट, एक्झॉस्टचा तुकडा, सगळं पंख्यात जातं. म्हणून प्रत्येक नट सेफ्टी वायरने बांधलेला, एक्झॉस्टला आधार, काउलिंगचे, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचे, स्क्रू मोजून. रनवेवरचे खडेपण चाकाने उडून तिथेच जातात, खडीच्या किंवा ओबडधोबड पट्टीवर ही विमानं नेऊ नयेत. आणि मागच्या लँडिंग गिअरचे पाय काचेचे असतात, ब्रेकच्या आणि एक्झॉस्टच्या उष्णतेने ते मऊ पडून पसरतात, उष्णतेचं कव्हर लावायला विसरू नका. रंग पांढराच द्या, उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग इतका तापतो की इपॉक्सी मऊ पडायला लागते.

मोठं इंजिन घालायच्या प्रश्नाचं उत्तर इथे देतो. मोठं इंजिन जड, ते सगळ्यात मागे, म्हणून सीजी मागे, म्हणून बॅटरी नाकात न्या, तरी पुरत नाही म्हणून शिसं ठेवा, म्हणून विमान जड, म्हणून उतरायला वेग जास्त, रनवे जास्त. ह्या विमानांना फ्लॅप (हळू उतरता यावं म्हणून पंखाच्या मागून खाली येणाऱ्या पट्ट्या) नसतात, कारण फ्लॅपने नाक खाली जाईल ते सावरायची ताकद पुढच्या पंखात नाही, त्यामुळे उतरायचा वेग आधीच जास्त असतो, त्यात भर घालू नका.

वजन, कागद, तपासणी

तयार झालं की तीन काट्यांवर तोला, हँगरचं दार बंद करून, वाऱ्याने आकडे हलतात. एकदा तोलल्यावर सगळं उतरवून परत तोला. एकट्याने उडताना सीजी मागे जातो म्हणून हलक्या पायलटला नाकात वजन ठेवावं लागतं, मला लागतं, ते घट्ट बांधायची जागा आधीच करा.

अमेरिकेत हौशी बांधणीचा नियम म्हणजे निम्म्याहून जास्त काम स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असलं पाहिजे. पहिल्या दिवसापासून वही ठेवा, तारीख, तास, फोटो, फोटोत तुम्ही दिसला पाहिजे. तपासणीला माणूस येतो तेव्हा हीच वही बघतो. पास झालं की पहिला टप्पा ठराविक परिसरात एकट्याने उडवायचा, इंजिन आणि पंखा ही जोडी प्रमाणित असेल तर २५ तास नाहीतर ४०. आणि मुख्य बांधणारा तुम्ही असाल तर रिपेअरमन सर्टिफिकेट मिळतं, पुढे वर्षाची तपासणी स्वतः करता येते.

पहिलं उड्डाण

त्याआधी दुसऱ्याच्या कॅनार्डमध्ये काही तास घ्या, नेहमीच्या सेसनाच्या सवयी इथे चालत नाहीत. टेकऑफला पुढच्या पंखात पुरेशी ताकद येईपर्यंत नाक उचलत नाही, तोपर्यंत धीर धरून थांबावं लागतं, आणि उचललं की जास्त ओढायचं नाही, पंखा जमिनीला लागतो. लांब रनवे निवडा, सकाळची शांत हवा, सीजी मर्यादेच्या पुढच्या अर्ध्यात. घरच्यांना, मित्रांना बोलावू नका, लोक बघायला आलेत म्हणून माणूस उडायला नको तेव्हाही उडतो. मी दोनदा विमान जमिनीवरच चालवत नेऊन (ह्याला टॅक्सी म्हणतात) न उडता परत आलो, एकदा तेलाचं तापमान चढलं म्हणून आणि एकदा नुसतंच मन लागलं नाही म्हणून. तिसऱ्या शनिवारी सकाळी सव्वासातला उडालो, बावीस मिनिटं, विमानतळाच्या वरच गोल गोल. उतरल्यावर काउलिंग काढून बसलो आणि एकेक नट बघितला, तेव्हा कुठे घरी फोन केला.

लाकडी पंख्याचे बोल्ट पहिल्या तासानंतर टॉर्क रेंचने परत तपासा, मग थोड्या थोड्या तासांनी, आणि दर ऋतू बदलला की. लाकूड कोरड्या हिवाळ्यात आकसतं आणि बोल्ट सैल पडतात.

आता सुधारणा

चाळीस तास झाले, सगळे आकडे लिहिलेत, विमान कसं वागतं ते हाताला कळलं, आता हवं ते करा, पण एका वेळी एकच बदल आणि बदलाच्या आधी-नंतर तेच मोजमाप, तीच उंची, तशीच हवा. मोठा बदल असेल तर आधी एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचे नियम बघा, परत चाचणीचे तास करावे लागतात. कॅलिफोर्नियातले क्लाउस सॅव्हियर आपल्या छोट्या व्हॅरीइझीतून ताशी २०० मैलांहून जास्त वेगाने जातात, आणि ते जमलं ते वर्षानुवर्षं हवेचा अडथळा कमी करत आणून, इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर काम करून. चाकांची कव्हर्स, लँडिंग गिअरच्या पायांना गोलाई, एलेरॉनच्या फटी, अँटेना पंखाच्या आत, कारण काचेतून रेडिओ लहरी जातात. ह्यातलं काहीच सीजी फारसा हलवत नाही, म्हणून इथून सुरू करा.

मी सध्या इंजिन गार करायच्या हवेवर काम करतोय. उन्हाळ्यात चढताना तीन नंबरचा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा चाळीस अंश फॅरनहाइट जास्त तापत होता, गार हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या बॅफलच्या फटी लाल सिलिकॉनने बंद केल्यावर फरक पंधरावर आला. आता काउलिंगच्या मागच्या तोंडाचा आकार बदलून बघायचाय, त्यासाठी पुठ्ठ्याचा नमुना झालाय आणि फोम कालच कापला. काच ह्या रविवारी, गॅरेज २५ अंशांवर आलं की.